नामानिराळे नायक : झेलिनाच्या कोठडीतील मृत्यूचे प्रकरण

मे 2014 मध्ये अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर ‘वन्स अपॉन अ टाइम’ या मालिकेच्या तिसऱ्या पर्वातील ‘कॅन्सस’ हा भाग दाखवण्यात आला. या एकाच भागात झेलिना नावाच्या चेटकिणीचा पराभव होतो, तिला जीवदान मिळते, तिची रवानगी गावातील कोठडीत होते आणि भाग संपण्यापूर्वी त्याच कोठडीत तिचा जीवही घेतला जातो. जीवदान देते रेजिना, जी नुकतीच चांगल्यांच्या बाजूला आलेली आहे. जीव घेतो रम्पलस्टिल्टस्किन, जो त्या बाजूला कधीच पुरता आलेला नाही. चेटकिणीचे संकट टळते, आणि ज्यांच्यासाठी ते टळले त्यांच्या हाताला मात्र रक्ताचा थेंबही लागत नाही.

दुष्टाचा काटा दुसऱ्या दुष्टाकडून परस्पर काढून घेण्याची ही युक्ती दूरचित्रवाणीवर इतकी रुळली आहे की ती आपल्या लक्षातही येत नाही. मी ही मालिका पहिल्या भागापासून शेवटपर्यंत पाहिली आणि पहिल्यांदा पाहताना या प्रसंगी मलाही फक्त सुटल्यासारखे वाटले. ते वाटणे कसे घडवले गेले, हे समजून घेण्यासाठी हे एकच प्रकरण पुरेसे आहे, कारण या मालिकेने हाच प्रश्न इतर वेळी अगदी वेगळ्या रीतीने सोडवलेला आहे आणि त्यामुळे तुलनेचे साहित्य तिच्यातच मिळते.

पात्रे आणि त्यांची देणी-घेणी

एडवर्ड किट्सिस आणि अ‍ॅडम होरोविट्झ यांनी निर्माण केलेली ही मालिका 2011 ते 2018 या काळात सात पर्वे आणि 155 भाग चालली. परीकथांतील माणसे शापामुळे आपल्या जगातील स्टोरीब्रुक नावाच्या गावात येऊन पडली आहेत आणि पूर्वीचे सर्व विसरली आहेत, ही तिची मूळ कल्पना. आपल्याकडे हिमगौरी म्हणून ओळखली जाणारी स्नो व्हाइट तिथे शाळेत शिकवते, तिची सावत्र आई रेजिना गावची महापौर असते, आणि रम्पलस्टिल्टस्किन मिस्टर गोल्ड या नावाने गहाणवटीचे दुकान चालवतो. हिमगौरीची मुलगी एमा स्वान हा शाप मोडते, पण शाप मोडल्यावरही गाव तिथेच राहते आणि जुने हिशेब नव्याने निघू लागतात.

रम्पलस्टिल्टस्किनच्या काळ्या शक्तीचा उगम एका खंजिरात आहे. तो खंजीर ज्याच्या हाती असेल त्याची आज्ञा त्याला पाळावीच लागते. तिसऱ्या पर्वाच्या उत्तरार्धात तो खंजीर झेलिनाच्या हाती असतो. ती रेजिनाची सावत्र बहीण. दोघी कोराच्याच मुली, पण कोराने झेलिनाला तान्हेपणीच टाकून दिलेले. जे रेजिनाला मिळाले ते आपल्याला मिळायला हवे होते, या एका दुःखाने झेलिना पेटलेली आहे, आणि भूतकाळात जाऊन आपला जन्म वेगळ्या रीतीने घडवावा यासाठी तिला हिमगौरीचे नुकते जन्मलेले मूलही हवे आहे. याच काळात रम्पलस्टिल्टस्किनचा मुलगा नील मेलेल्या बापाला परत आणण्यासाठी आपला जीव देतो. म्हणजे झेलिनाने त्या माणसाला गुलाम केलेले आहेच, शिवाय मुलाच्या मरणाचे दुःख करण्याइतकी मोकळीकही त्याला ठेवलेली नाही.

एवढी देणी-घेणी मांडून झाल्यावर लेखकांपुढे उरतो तो शेवटचा प्रश्न : हरलेल्या चेटकिणीचे करायचे काय?

कोठारातील एक वाक्य

‘कॅन्सस’मध्ये रेजिना पहिल्यांदाच शुभ जादू वापरते आणि झेलिनाची सारी शक्ती ज्यात साठलेली आहे ते हिरव्या खड्याचे पदक तिच्या गळ्यातून काढून घेते. झेलिना निःशस्त्र होताच रम्पलस्टिल्टस्किन तिच्यावर झेपावतो, पण खंजीर आता रेजिनाच्या हातात असतो आणि ती त्याला थांबवते. नायक जीव घेत नाहीत, असे ती म्हणते. आता तू नायिका झालीस काय, या झेलिनाच्या प्रश्नावर ती उत्तर देते की आजच्यापुरती तरी आहे.

हे उत्तर मला या मालिकेतील उत्तम संवादांपैकी एक वाटते, कारण त्यात बढाई नाही. ज्या बाईने असंख्य माणसांची हृदये छातीतून उपटून चुरडली ती आपल्या चांगुलपणाची ग्वाही केवळ एका दिवसापुरती देते. त्या ‘आज’ या शब्दात उद्या परत घसरण्याची भीती आहे आणि तरीही आज थांबण्याचा निश्चय आहे. लेखकांनी इथेच थांबायचे ठरवले असते तर झेलिना कोठडीत राहिली असती, बहिणीने बहिणीला दिलेली दुसरी संधी खरी ठरते की फसते हे दिसले असते, आणि मुलाच्या मारेकरणीला रोज जिवंत पाहत गोल्डला जगावे लागले असते. या तिन्ही गोष्टी अवघड होत्या आणि तिन्हींमध्ये नाट्य होते.

घडते ते वेगळेच. खंजीर बेलकडून गोल्डच्या हाती परत येतो. बेल ही त्याच्यावर विश्वास ठेवणारी, त्याच्यातला चांगला माणूस शोधत राहणारी स्त्री. तो तिला लग्नाची मागणी घालतो आणि विश्वासाची खूण म्हणून खंजीर तिच्या स्वाधीन करतो. पण तो खंजीर नकली असतो. खरा घेऊन तो कोठडीत जातो आणि झेलिनावर वार करतो. तिचे शरीर चिनीमातीच्या भांड्यासारखे कडक होऊन फुटते. त्यानंतर तो सुरक्षा कॅमेऱ्याचे चित्रण जादूने बदलतो, आणि गावातील सर्वांची अशी समजूत होते की झेलिनाने स्वतःच आपला शेवट करून घेतला.

पाण्याची बादली, विजेचा लोळ

झेलिना ही मुळात ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधील पश्चिमेची दुष्ट चेटकीण आहे, आणि ही गोष्ट या प्रकरणात दुर्लक्ष करण्याजोगी नाही. एल. फ्रँक बॉम यांच्या 1900 सालच्या मूळ पुस्तकात डोरोथी ही लहान मुलगी रागाच्या भरात चेटकिणीवर बादलीभर पाणी ओतते, पण पाण्याने ती विरघळेल याची तिला कल्पना नसते. 1939 च्या चित्रपटात तो रागही उरला नाही. तिथे चेटकीण बुजगावण्याला आग लावते, डोरोथी ती आग विझवायला पाणी फेकते आणि ते चेटकिणीच्या अंगावर उडते. चाळीस वर्षांत नायिकेचे हात आणखी थोडे स्वच्छ करून घेतले गेले. हिमगौरीच्या बाबतीत 1937 च्या डिस्नेपटाने ते काम निसर्गावर सोपवले : बुटके राणीचा पाठलाग करत कड्यापर्यंत येतात, पण कड्यावर वीज पडते आणि राणी आपोआप खाली कोसळते. एबीसी वाहिनी 1996 पासून डिस्नेच्याच मालकीची आहे आणि ही मालिका आपल्या बहुतेक काळात रविवारी संध्याकाळी आठ वाजता, म्हणजे मुलेबाळे घेऊन पाहण्याच्या वेळेला लागत असे. कड्यावरच्या विजेची परंपरा तिला घरातूनच मिळालेली होती, असे म्हणायला हरकत नाही.

पण आठवड्यामागून आठवडे वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेत दर वेळी वीज पाडता येत नाही. योगायोग एकदा खपतो, दुसऱ्यांदा प्रेक्षक कुरकुरतो. शिवाय योगायोगाला हेतू नसतो, आणि इतका काळ साठवलेला राग हेतूवाचून शांत होत नाही. तेव्हा विजेच्या जागी हेतू असलेले पात्र लागते, ज्याला मारण्याचे पुरेसे कारण आहे आणि ज्याच्या खात्यावर आणखी एक खून चढल्याने आपले त्याच्याविषयीचे मत फारसे बदलणार नाही. रम्पलस्टिल्टस्किन ही स्टोरीब्रुकची वीज आहे. रॉबर्ट कार्लाईल यांनी ती भूमिका अशा काही दुःखाने आणि कावेबाजपणाने उभी केली आहे की तो कोसळतो तेव्हा आपण कोणावर कोसळला हे विचारत नाही, त्याला किती दुखले असेल हेच पाहत राहतो.

याच मालिकेतील इतर मृत्यूंकडे पाहिले की हे काम त्याच्याकडे जवळजवळ नेमून दिलेले आढळते. डिसेंबर 2013 मध्ये पीटर पॅन, म्हणजे त्याचाच बाप, त्याने तोच खंजीर दोघांच्याही शरीरांतून आरपार घालून मारला. मालिकेच्या सहाव्या पर्वाच्या अखेरीस, मे 2017 मध्ये, काळी परी म्हणजे त्याची आई त्याच्याच हातून गेली. सर्व गावावर आलेली दोन मोठी संकटे एका माणसाने आपल्या आईबापांना मारून टाळली. पाचव्या पर्वात मृतांच्या जगाचा राजा हेडीस येतो, तर त्याला मारणारी पुन्हा झेलिनाच, जी तोवर परतलेली असते आणि त्याच्या प्रेमात पडलेली असते. मात्र पॅनचा मृत्यू मी झेलिनाच्या पंक्तीला बसवणार नाही. तिथे मारणारा स्वतःही मरतो, सर्वांच्या देखत मरतो, आणि दुष्टांना सुखान्त लाभत नाही हे बापाला सांगून मरतो. त्या वारात किंमत मोजलेली आहे.

हिमगौरीच्या हृदयावरचा डाग

मालिकेला दुसरा मार्ग ठाऊकच नव्हता, असे म्हणता आले असते तर हे प्रकरण इतके खटकले नसते. पण ‘कॅन्सस’च्या वर्षभर आधी, मार्च 2013 मध्ये, तिने नेमका उलटा प्रयोग केला होता. झेलिना आणि रेजिना यांची आई कोरा ही तेव्हाची मोठी खलनायिका. तिने हिमगौरीच्या आईचा जीव पूर्वी घेतलेला होता आणि दाईचा आता घेतला होता. रम्पलस्टिल्टस्किन विषाने मरणाच्या दारात असताना तो हिमगौरीला एका जादूच्या मेणबत्तीची आठवण देतो, जिच्या ज्योतीवर एकाचे मरण दुसऱ्याच्या गळ्यात घालता येते. ही मेणबत्ती तिला लहानपणी आई मरत असताना देऊ करण्यात आली होती आणि दुसऱ्याचा जीव द्यावा लागेल हे कळताच तिने ती वापरायला नकार दिला होता. आता ती वापरते. कोराचे काढून ठेवलेले हृदय मंत्रून ते ती रेजिनाच्या हाती देते, हे परत बसवलेस तर आई तुझ्यावर खरे प्रेम करील असे सांगते, आणि रेजिना आनंदाने ते हृदय आईच्या छातीत बसवते. कोरा मुलीच्या मिठीत मरते.

युक्ती तीच आहे : दुष्टाचा मृत्यू दुसऱ्या दुष्टाच्या हातून. फरक इतकाच की इथे नायिकेने ती स्वतः योजली आहे आणि मालिका तिला त्यातून सुटू देत नाही. हिमगौरी अंथरूण धरते, तिला स्वतःकडे पाहवत नाही, ती रेजिनाकडे जाऊन मला मार म्हणते. रेजिना तिचे हृदय बाहेर काढून दाखवते तेव्हा त्यावर एक काळा डाग पडलेला असतो. त्या दृश्यात कोणी कोणाला मारत नाही, तरी संपूर्ण दुसऱ्या पर्वात त्याच्याइतके भयंकर काही नाही.

आपल्या भाषेत ‘सुंदोपसुंदी’ हा शब्द ज्या कथेवरून आला ती इथे आठवावीशी वाटते. महाभारताच्या आदिपर्वातील सुंद आणि उपसुंद या भावांना एकमेकांखेरीज कोणाकडूनही मरण येणार नव्हते. तेव्हा ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून विश्वकर्म्याने तिलोत्तमा घडवली आणि तिच्यासाठी दोघांनी एकमेकांना मारले. देवांनी शस्त्र उचलले नाही, हे खरे. पण ती योजना कोणाची, हे कथा लपवत नाही. तिलोत्तमा कोणी घडवली, कोणी पाठवली, हे नावानिशी सांगितले जाते. कोराच्या प्रकरणात हिमगौरीच्या वाट्याला ब्रह्मदेवाची भूमिका आली आणि शिवाय त्या भूमिकेचे ओझेही आले. झेलिनाच्या प्रकरणात योजना कोणाचीच नाही. नायकांनी काही ठरवलेले नाही, काही सुचवलेले नाही, काही पाहिलेही नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

चित्रफितीने केलेले काम

माझा मुख्य आक्षेप गोल्डने झेलिनाला मारले यावर नाही. मुलाच्या मरणाने वेडापिसा झालेला आणि वर्षभर गुलामी सोसलेला तो माणूस थांबला असता तर तेच कदाचित खोटे वाटले असते. आक्षेप त्या बदललेल्या चित्रफितीवर आहे. नायकांना मारण्यापासून वाचवणे ही पहिली सूट झाली. चित्रफीत त्यांना दुसरी सूट देते : झाले त्याचा विचार करण्यापासूनची. जर रेजिनाला कळले असते की आपण ज्याला थांबवले त्यानेच काही तासांत आपल्या बहिणीला मारले, तर तिला विचारावे लागले असते की मी खंजीर हातातून जाऊ कसा दिला, कोठडीवर पहारा का नव्हता, आणि मनाच्या तळाशी मला हेच हवे होते का. एमा ही तर त्या गावची शेरिफ. तिच्या ताब्यातील कैदी तिच्या कोठडीत मेली आहे. कोणत्याही गावात कोठडीतील मृत्यू हा ती कोठडी सांभाळणाऱ्यांना विचारायचा प्रश्न असतो. स्टोरीब्रुकमध्ये तो प्रश्न एका फितीने मिटतो आणि लगेच पुढच्या भागात गाव बाळाच्या बारशाला जमते.

याला उत्तर म्हणून असे सांगितले जाते की त्या वाराची किंमत पुढे गोल्डने मोजलीच. ते खरे आहे आणि चौथ्या पर्वातील तो धागा चांगला विणलेला आहे. नकली खंजिरावर उभे राहिलेले लग्न सहा-सात महिनेही टिकत नाही. डिसेंबर 2014 मधील ‘हीरोज अँड व्हिलन्स’ या भागात बेल खरा खंजीर हाती येताच त्याच खंजिराच्या आज्ञेने नवऱ्याला गावाच्या वेशीबाहेर घालवते. पण हा हिशेब नवराबायकोतला आहे. त्यात फसवणुकीला शिक्षा आहे, खुनाला नाही. आणि रेजिना, एमा, हिमगौरी यांच्या पानावर काहीच मांडले जात नाही.

चौथ्या पर्वातच आणखी एक गोष्ट घडते, जिच्यामुळे मालिकेला स्वतःची ही सवय कळत होती असे मानायला जागा आहे. एप्रिल 2015 मध्ये एमा आपल्या मुलाला, हेन्रीला, वाचवताना क्रुएला डी व्हिल या खलनायिकेला कड्यावरून खाली लोटते. क्रुएलाला कोणाचाच जीव घेता येऊ नये असा बंध तिच्यावर पूर्वीच घातलेला होता, हे एमाला ठाऊक नव्हते. म्हणजे तो मुलगा वास्तविक सुरक्षित होता. एमाचे हृदय काळे व्हावे हीच तर गोल्डची खटपट चाललेली होती. दुष्टांनी एकमेकांना मारले की कोणाच्या हृदयावर काही उमटत नाही, नायिकेने एकदा मारले की तिचा आत्माच पणाला लागतो, हा दुहेरी नियम इथे गोल्डने जणू वाचून काढला आहे आणि तो तिच्याविरुद्ध वापरतो आहे. जो इतकी वर्षे नायकांच्या वाट्याची कामे उरकत आला त्यानेच ते काम परत त्यांच्या हातात ठेवावे, यात मला मोठा न्याय दिसतो.

वर्षानंतर, न्यूयॉर्कमध्ये

झेलिना मेलेली नव्हती. शरीर फुटले तेव्हा तिचा जीव पदकातील शक्तीच्या आधाराने काळाच्या दारातून निसटला होता. भूतकाळात तिने रॉबिन हूडची बायको मॅरियन हिला ठार करून तिचे रूप घेतले आणि त्या रूपाने ती स्टोरीब्रुकमध्ये परतली. रेजिना ज्याच्यावर प्रेम करत होती त्या रॉबिनजवळ ती त्याची बायको म्हणून न्यूयॉर्कला राहिली. सत्य बाहेर येईपर्यंत तिच्या पोटात रॉबिनचे मूल होते. कोठडीत तिला जिवंत ठेवून तिच्याशी वागण्याचा जो अवघड मार्ग सोडून दिला होता, तोच आता दसपट अवघड होऊन समोर आला, आणि दरम्यान एका निरपराध बाईचा जीव गेला. त्या बाईचे मरण गोल्डच्या वाराचेच फळ आहे. ‘कॅन्सस’ पाहताना ज्यांना सुटल्यासारखे वाटले त्यांच्यापैकी किती जणांनी नंतर मॅरियनची आठवण ठेवली असेल, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे.

आता रेजिनाजवळ पुन्हा साधन असते. ज्याच्या लेखणीने माणसांची नशिबे बदलतात असा लेखक तिच्या ताब्यात आला आहे, आणि त्याच्याकडून झेलिनाला जगातून पुसून टाकता येईल. तीही परस्पर काटा काढण्याचीच रीत, आणि या वेळी तर खंजीरही नाही, फक्त शाई. बहिणीला समोर बसवून ती तसे सांगतेही. मग ती ते करत नाही. तिला थांबवायला कोणी नसते, तिच्याऐवजी करून टाकायलाही कोणी नसते, आणि चित्रफितही नसते. मे 2015 मधील त्या भागानंतर झेलिनाला जिवंत ठेवूनच गोष्ट पुढे न्यावी लागली. पाचव्या पर्वापासून तिची भूमिका करणाऱ्या रिबेका मेडर यांचे नाव मुख्य कलाकारांत येऊ लागले, आणि दोघी बहिणी एका बाळाच्या पाळण्यावरून भांडत, एकमेकींना टोचून बोलत, एकाच गावात राहू लागल्या.